केळीच्या राखेचं पाणी

जळगाव,
९ डिसेंबर १९९७

प्रिय जरीना,

मागच्या पत्रात माझी एक चूक झाली आहे, ती आधी दुरुस्त करते. साधे सेल आणि मधला थर घातलेले सेल मी एकाच आठवड्यात केले, असं मी लिहिलं होतं. तसं नाही. साधे सेल गेल्या वर्षीच्या दिवाळीआधीचे आणि थरवाले संक्रांतीनंतरचे. पत्र पेटीत टाकून आले, जेवायला बसले आणि आठवलं. मग घास घशाखाली उतरेना. त्यानं काही फरक पडेल असं मला वाटत नाही. काच तीच, पॉलिमर त्याच कुपीतलं, दिवाही तोच. पण तू माझं वाचून काम करणार, तर मी लिहिलेलं खरं असायला हवं.

तू धुळ्याच्या कॉलेजात गेल्यापासून इथे प्रयोगशाळेत हसायला कोणी नाही. परवा एम.एस्सी.च्या मुली विचारत होत्या, पॉलिमरचा सौर सेल म्हणजे नेमकं काय. मी तुझ्याच शब्दांत सांगितलं. खाली पारदर्शक लेप दिलेली काच, वर अ‍ॅल्युमिनियम, आणि दोघांमध्ये पॉलिमरची तांबडी साय. उजेड पडला की त्या सायीत वीज तयार होते, पण काठाशी येऊन अडते, कारण साय आणि काच यांचं एकमेकींशी पटत नाही. म्हणून त्यांच्यामध्ये पॉलिअ‍ॅनिलीनचा पातळ हिरवा थर द्यायचा. "दोन जावांच्या मध्ये बसवलेली समजूतदार नणंद," असं तू म्हणायचीस. बोंडे सरांनी ते एकदा दारातून ऐकलं होतं. "अशी नणंद कोणत्या गावाला मिळते हो?" म्हणाले होते.

मार्गदर्शक म्हणून सरांची सही झाली आणि माझा पीएच.डी.चा प्रबंध परीक्षकांकडे गेला. तोंडी परीक्षा मार्चमध्ये होईल. हिरवा थर दिला की वीज तिपटीने वाढते, एवढ्या एका गोष्टीवर सगळा प्रबंध उभा आहे. तुला आता त्या थराच्या जागी दुसरे पदार्थ लावून बघायचे आहेत. पण आधी माझे आकडे तुझ्या हातून येऊ देत, म्हणजे मलाही बरं वाटेल. किती सेल झाले ते कळव.

तुझी,
कुमुद

*

धुळे,
१७ डिसेंबर १९९७

प्रिय कुमुदताई,

सलाम. तुझी दुरुस्ती मी घरात वाचून दाखवली. अम्मी म्हणाली, "ही पोरगी लग्नातसुद्धा माळ घालून झाल्यावर मागून दुरुस्ती पाठवेल." रागावू नकोस. तिला तू फार आवडतेस.

माझी खबर मात्र चांगली नाही. सेल केले, दिसतातही अगदी तुझ्यासारखे. दिव्याखाली धरले की मीटर जरा जागा होतो आणि पुन्हा झोपतो. थर घाला नाहीतर घालू नका, त्याला पर्वा नाही. म्हणजे आपली नणंद धुळ्याला आली आणि नुसती बसून राहिली.

इथले प्रयोगशाळेतले चिंधाभाऊ तुला माहीत नाहीत. अ‍ॅल्युमिनियम चढवायचं निर्वात यंत्र त्यांच्या ताब्यात आहे. त्यांना म्हटलं, भाऊ, तुमच्या यंत्रात काही बिघाड आहे का? तर म्हणाले, "मशीन बठ्ठं बराबर शे ताई. तुम्हना अ‍ॅल्युमिनियमलेच राग येल शे." मी म्हटलं, मशीन ठीक आणि अ‍ॅल्युमिनियम रुसलंय, तर मग काढा त्याची समजूत. दुसऱ्या दिवशी त्यांनी खरंच यंत्राला उदबत्ती ओवाळली. मीटर तिथेच.

बोंडे सर परवा इथे येऊन गेले. माझे आलेख त्यांनी शांतपणे बघितले, चष्मा काढला आणि म्हणाले, "प्रायोगिक कामाला हात लागतो, जरीना. काहींना तो असतो." घरी अब्बांना सांगितलं. ते कापूस पिंजत होते. धनुकली खाली ठेवून म्हणाले, "हबीब पिंजाऱ्याच्या पोरीचा हात खराब? त्यांना सांग, आमच्या हातानं अख्खं धुळे मऊ झोपतं."

हसू आलं, पण रात्री नाही आलं. ताई, तू जे जे करतेस ते सगळं लिही. पाणी कुठलं, फडकं कुठलं, काहीच सोडू नकोस. मार्चमध्ये माझ्या कामाचा आढावा आहे.

तुझी,
जरीना

*

जळगाव,
२ जानेवारी १९९८

प्रिय जरीना,

सर असं बोलले हे वाचून फार वाईट वाटलं. ते वाईट नाहीत, पण माझं काम नीट झालं म्हणून तुझ्यावर बोट ठेवतात, त्यामुळे मलाच अपराध्यासारखं होतं. हाताचं म्हणशील तर माझा हात तुझ्याहून जड आहे, हे तू पाहिलं आहेस.

तू विचारलंस म्हणून लिहिते. काच साबणाच्या पाण्यात उकळते, मग ऊर्ध्वपातित पाणी, मग अ‍ॅसिटोन. पॉलिअ‍ॅनिलीनचं द्रावण दोनदा गाळते. थर दिल्यावर काच रात्रभर झाकून ठेवते. मग पॉलिमर. अ‍ॅल्युमिनियमच्या तारेचे तुकडे नेहमीसारखे स्वच्छ करते, वाळवते आणि यंत्रातल्या फिलामेंटवर अडकवते. मला वाटतं घोटाळा तुझ्या हिरव्या द्रावणात असावा. ते एकदा ताजं करून बघ.

गेल्या शनिवारी सावद्याहून भिकुआत्या आली होती. तुला मी तिच्याबद्दल सांगितलं आहे ना? लहानपणी दम्यामुळे मला शाळेत घालता आलं नाही. चौथीपर्यंत माझी शाळा म्हणजे आत्याच. पितळी ताटात चुलीतली राख पसरायची आणि बोटानं अक्षरं गिरवायची. त्या शाळेचा एकच नियम होता, पण तो पुन्हा कधीतरी.

आत्या येताना नेहमीप्रमाणे खारपाण्याची बाटली घेऊन आली. आमच्याकडे घड निघाला की केळीचा खांब वाळवून जाळतात आणि ती राख पाण्यात भिजवतात. वरचं निवळ पाणी पापडाच्या पिठात घालतात. कपड्यांवरचे केळीच्या चिकाचे डाग त्यानेच निघतात आणि कंदिलाच्या काचाही त्यानेच घासतात. तिनं माझी जुनी बाटली उजेडात धरून बघितली. "तू काई पापड लाटत नाई, मंग हे सरलं कसं वं?" मी विषय बदलला. वसतिगृहातल्या मुली आधीच मला 'सावद्याची म्हातारी' म्हणतात.

द्रावणाचं बघून लगेच लिही.

तुझी,
कुमुद

*

धुळे,
३ फेब्रुवारी १९९८

प्रिय कुमुदताई,

ईद झाली. शीरखुर्मा पाठवता येत नाही, तेव्हा हे पत्रच गोड मानून घे, जरी आतलं गोड नाही.

द्रावण ताजं केलं. दोनदा गाळलं, एकदा चारदाही गाळलं. काच रात्रभर झाकली. तू लिहिलंस तसंच, त्याच क्रमानं. काही झालं नाही. सर ईदच्या आदल्या दिवशी आले होते. सगळ्यांसमोर म्हणाले, "काच तीच, पॉलिमर तेच, कृती तीच. कुमुदचे चालतात आणि हिचे चालत नाहीत. उरतं काय?" चिंधाभाऊ तेवढे खोकले.

२० मार्चला आढावा आहे. तोपर्यंत एकही सेल नीट चालला नाही, तर सर लिहून देणार आहेत की ही मुलगी प्रयोगाच्या कामाला योग्य नाही. मग माझी पीएच.डी.ची नोंदणी गेली. ते दुष्टपणानं करत नाहीत. मला चहा पाजून सांगितलं. ताई, खरं सांगू? मलाही आता तसंच वाटायला लागलं आहे. परवा भाजी चिरतानाही मी हाताकडे बघत होते.

एक विनंती आहे. तुझा मावसभाऊ जीवराम सोमवारी कामासाठी धुळ्याला येतो म्हणालीस ना, त्याच्याजवळ मी माझ्या काचा देते. पॉलिमरपर्यंतचं सगळं माझ्या हातचं आहे. वरचं अ‍ॅल्युमिनियम फक्त तू चढव आणि मोजून बघ. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात मागच्या बाजूला मी उर्दूत आकडा कोरला आहे. तो तुला वाचता येणार नाही, तेच बरं. मोजमाप सांगताना चित्र काढून कळव.

त्याही चालल्या नाहीत तर मी सरांना त्रास न देता स्वतःच नोंदणी सोडायचा अर्ज करीन.

तुझी,
जरीना

*

जळगाव,
१४ फेब्रुवारी १९९८

प्रिय जरीना,

घाईत लिहिते. तुझ्या सगळ्या काचा चालल्या. माझ्यासारख्याच, दोन तर माझ्याहून सरस. खाली आकड्यांची चित्रं काढून त्यांच्यापुढे मोजमाप लिहिलं आहे.

तुझा हात उत्तम आहे. अब्बांना सांग, आणि अर्जाचं पुन्हा बोलू नकोस.

त्या आकड्यांचा अर्थ काय, ते कळव.

तुझी,
कुमुद

*

धुळे,
२० फेब्रुवारी १९९८

प्रिय कुमुदताई,

तुझं पत्र हातात घेऊन मी कॉलेजच्या पायऱ्यांवरच बसले. चिंधाभाऊंनी विचारलं, "काय व्हयनं ताई, कोनी गयं का?" म्हटलं, नाही भाऊ, कोणीतरी परत आलं.

आता आकड्यांचं सांगते. एकापासून तीनपर्यंतच्या काचांना हिरवा थर आहे. चारपासून सहापर्यंतच्या काचांना मी थर दिलाच नव्हता. नुसती काच आणि त्यावर पॉलिमर. तुला आधी सांगितलं असतं तर तू त्या वेगळ्या मनानं मोजल्या असत्यास. तू मुद्दाम काही केलं नसतंस, पण सांगितलं नाही तेच बरं झालं. तुझ्याहून सरस म्हणतेस त्या दोन काचा पाच आणि सहा आहेत.

मी दोन दिवस विचार करते आहे. थर असो वा नसो, तुझ्याकडे चालतं. थर असो वा नसो, माझ्याकडे चालत नाही. मग फरक थराचा नाही. तू फक्त अ‍ॅल्युमिनियम चढवलंस. ताई, तुझ्या अ‍ॅल्युमिनियममध्ये काय आहे?

यंत्र वेगळं आहे म्हणून असेल, किंवा तारेचा दुकानदार. तू लपवत नाहीस हे मला माहीत आहे. एका आठवड्याच्या चुकीसाठी जिला जेवण जात नाही, ती काय लपवणार? फक्त आठवून बघ आणि लवकर लिही. आढाव्याला महिना आहे.

तुझी,
जरीना

*

धुळे,
५ मार्च १९९८

प्रिय कुमुदताई,

तुझं पत्र नाही. आजारी आहेस का? दमा वर आला असेल तर आत्याकडे जा, वसतिगृहात थांबू नकोस.

की माझ्या पत्रात काही लागलं? मी ते पुन्हा आठवून बघितलं. तुझ्या प्रबंधाबद्दल मला काही म्हणायचं नव्हतं. तसं वाटलं असेल तर माफ कर. त्या काचांचं मी सरांना सांगितलेलं नाही. तुझी परीक्षा होऊन जाऊ दे.

माझ्याकडे बाकी सगळं तसंच आहे. सरांचं पत्र आलं, तारीख २० मार्चच आहे.

जरीना

*

जळगाव,
१२ मार्च १९९८

प्रिय जरीना,

मी आजारी नव्हते. तुझ्या पत्रातलं काही लागलं नव्हतं. उलट तू माफी मागितलीस आणि ते वाचून मला कुठे तोंड लपवावं कळेना.

आधी दुरुस्त्या. २ जानेवारीच्या पत्रात मी लिहिलं की अ‍ॅल्युमिनियमचे तुकडे 'नेहमीसारखे' स्वच्छ करते. ते नेहमीसारखं नाही. मी ते आत्याच्या खारपाण्यात धुते.

असं झालं होतं. गेल्या वर्षी संक्रांतीच्या सुमारास नवी तार आली, ती तेलकट होती. अ‍ॅसिटोन संपलं होतं. खोलीवर बाटली होती, आणि केळीचा चीक ज्याने निघतो त्याने तेल निघणार नाही का, असं वाटलं. तुकडे चांदीसारखे झाले. मग मी तेच करत राहिले. ते पुन्हा साध्या पाण्यातून काढतही नव्हते, तसेच वाळवायचे. आपल्याकडे भांड्याला राख लागली तर भांडं स्वच्छ झालं असंच म्हणतात ना. त्याच महिन्यात मी हिरवा थर द्यायला सुरुवात केली. दोन गोष्टी एकदम बदलल्या, आणि मी एकीचंच नाव घेतलं. ज्या साध्या सेलशी मी तुलना केली ते दिवाळीआधीचे, म्हणजे खारपाण्याच्या आधीचे. डिसेंबरमध्ये तुला तारखांची दुरुस्ती पाठवली तेव्हा उत्तर माझ्याच ओळीत होतं. 'त्यानं काही फरक पडेल असं मला वाटत नाही,' असं लिहून मी ते झाकलं.

छापून आलेल्या शोधनिबंधात आणि प्रबंधात मी 'प्रचलित पद्धतीने स्वच्छ केले' असं लिहिलं आहे. विसरले म्हणून नाही. मला लाज वाटली. परदेशातल्या माणसांनी वाचायच्या कागदावर केळीच्या राखेचं पाणी कसं लिहायचं? सर हसतील, मुली हसतील, असं वाटलं. तू विचारलंस, 'काहीच सोडू नकोस.' मी साबणही लिहिला, गाळणंही लिहिलं, आणि नेमकं तेवढंच सोडलं. बाटलीची गोष्ट मात्र पापडाच्या निमित्तानं लिहून टाकली. मनाला कुठेतरी टोचत असेल.

याहून वाईट पुढे आहे. तुझं २० फेब्रुवारीचं पत्र आलं त्याच संध्याकाळी मी दोन सेल केले. दोन्हींना हिरवा थर नाही. एकाचं अ‍ॅल्युमिनियम अ‍ॅसिटोनने धुतलेलं, दुसऱ्याचं खारपाण्याने. पहिला तुझ्यासारखा झोपला आणि दुसरा माझ्यासारखा चालला. दुसऱ्या दिवशी पुन्हा केलं. तेच झालं. मला वाटतं ते असं असावं. त्या राखेत पोटॅशियमचा खार असतो. फिलामेंट तापलं की अ‍ॅल्युमिनियम वितळण्याआधी तो खार उडतो आणि पॉलिमरवर जाऊन बसतो. मग त्यावर अ‍ॅल्युमिनियम. म्हणजे मधला थर खरंच आहे, जरीना. पण मी सांगितला तो नाही, आणि मी सांगितला त्या बाजूलाही नाही. आपली नणंद दुसऱ्याच दोन जावांच्या मध्ये बसली होती.

हे मला तेव्हापासून माहीत आहे, आणि तुला एक ओळही लिहिली नाही. माझ्या तोंडी परीक्षेची तारीख २५ मार्च ठरली आहे. रोज वाटायचं, तेवढी होऊ दे, मग लिहू. तुझा आढावा त्याच्या आधी आहे हे मला ठाऊक होतं. तुला ते मी सोसायला दिलं असतं. दिलंच होतं. तुझं दुसरं पत्र आलं नसतं तर मी आज लिहिलं असतं की नाही, हे मला सांगता येत नाही, आणि इथे खोटं लिहायचं नाही म्हणून तेही लिहिते.

रविवारी सावद्याला गेले. गच्चीवर आत्या आणि शेजारची बेबाकाकू पापड लाटत होत्या. मी लाटणं घेतलं. आत्यानं एकदा बघितलं आणि म्हणाली, "हे पापड हाये का खान्देशाचा नकाशा? काय झालं, सांग."

मी सांगितलं. सेल बिल तिला कळत नाही, म्हणून एवढंच सांगितलं, की एका गोष्टीचं श्रेय दुसरीला दिलं आणि त्यापायी एका मुलीला नालायक ठरवताहेत. आणि असंही म्हटलं, की प्रबंधाला शेवटी एक पान जोडीन, त्यात लिहीन की धुण्याच्या पद्धतीचाही थोडा परिणाम असू शकतो. म्हणजे खोटंही राहणार नाही आणि परीक्षाही होईल.

बेबाकाकू म्हणाली, "बरोबर हाये, एक पान जोड ना. कोन वाचतं शेवटचं पान!"

आत्यानं पिठाचे हात पुसले. "मी तुले काय शिकोलं व्हतं?"

त्या शाळेचा तोच एक नियम. राखेत अक्षर चुकलं की बोटानं तेवढंच पुसायचं नाही. पुसलं की तिथे डाग दिसतो आणि शेजारचं अक्षरही बिघडतं. ताट दोन्ही हातांनी धरून हलवायचं. सगळं सपाट करायचं आणि पहिल्यापासून लिहायचं. लहानपणी मी रडायचे, कारण तीन ओळींत एकच अक्षर चुकलेलं असायचं.

"सगयं जाईन, आत्या," मी म्हटलं. "वर्ष जाईन."

"त जाऊ दे. राख कुठं चालली? तिथंच हाये."

मग तिनं मला नवी बाटली भरून दिली, आणि पापड खराब केले म्हणून शिव्याही दिल्या.

ती बाटली या पत्रासोबत जीवरामजवळ पाठवते आहे. तारेचे तुकडे त्यात घाल, हलव, काढ आणि तसेच वाळव. साध्या पाण्यातून काढू नकोस. तुझे सेल चालतील. चिंधाभाऊंना सांग, अ‍ॅल्युमिनियमचा राग गेला. तुझ्या आढाव्यात तू तुझे सेल दाखव, आणि त्या सहा काचांची तुझी युक्तीही सांग. चूक कुठे आहे ते तुझ्या त्या युक्तीनं सापडलं. माझ्यानं नाही. माझं काय ते सांगायला तू जाऊ नकोस. ते मीच सांगायचं आहे.

सरांसमोर मी ते दोन सेल ठेवीन. प्रबंध मागे घेते म्हणून अर्ज लिहून ठेवला आहे, आणि नियतकालिकाला पाठवायचं दुरुस्तीचं पत्रही. त्यात 'केळीच्या राखेचं पाणी' असंच लिहिलं आहे. सर काय म्हणतील मला माहीत नाही. माझ्याबद्दल जे म्हणतील ते म्हणोत, पण तुझ्या हाताबद्दल सगळ्यांसमोर म्हणाले ते त्यांनी सगळ्यांसमोर परत घ्यावं, हे मी मागणार आहे. मला मागायचा हक्क नाही, तरी मागणार.

या दिवसांत हे सगळं करीन. तू माझ्याशी बोलशील की नाही ते तू ठरव. अम्मी आणि अब्बांना नमस्कार.

तुझी,
कुमुद

ता. क. पाकीट चिकटवण्याआधी पुन्हा वाचलं. 'या दिवसांत' असं लिहिलं आहे. ते मोघम आहे, आणि अशा मोघम शब्दांनीच हे सगळं झालं. सर उद्यापासून धुळवडीसाठी गावाला आहेत आणि रविवारी रात्री परत येतात. मी त्यांना सोमवारी भेटेन. सोमवार, १६ मार्च.